हात दुखतो का?

हिटलर आला आणि आमच्या बव्हेरियातल्या गावाने देवाला रामराम ठोकला. पूर्वी माणूस भेटला की ‘ग्रुस गॉट’ म्हणत देवाचं नाव घ्यायचे; आता उजवा हात वर आणि हिटलरचा जयजयकार. रविवारी मात्र सगळे चर्चमध्ये गुडघ्यांवर!

माझ्या वडिलांनी, कोर्बिनियान यांनी, हात वर केला नाही. आईनेही नाही, आम्ही पोरांनीही नाही. ते ‘ग्रुस गॉट’च म्हणत राहिले. शाळेतल्या लाइडल मास्तरने चुगली केली. पोलिसांनी वडिलांना छावणीत नेलं आणि ते परत आलेच नाहीत.

युद्ध हरल्याबरोबर गावाला देव आठवला. ज्यांनी आमच्याकडून दूध घेणं बंद केलं होतं, तेच आता आईसमोर वाकायला लागले, "ग्रुस गॉट, क्रेसेन्सबाई!"

आई प्रत्येकाला एकच विचारायची, "का हो, आज हात दुखतो वाटतं?"

मरेपर्यंत तिने कुणाला दुसरं उत्तर दिलं नाही. लोक तिला खवट म्हातारी म्हणायचे. पाद्रीबाबा समजवायला आले, "माफ करून टाका ना, बाई."

"करीन की, बाबा. आधी कुणी मागू तर दे!"

तिच्या दफनाला मात्र झाडून सारं गाव आलं. लाइडल मास्तर तर सुतकी चेहरा करून सगळ्यांच्या पुढे. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडायला त्याने उजवा हात चांगला उंच उचलला.

मला राहवेना. म्हणाले, "बरा झाला वाटतं हात, मास्तर!"