शेवटचा कोरा ठेका

लिनव्हलच्या तोंडाला लागेल असा माणूस किंग्स्टनमधल्या आमच्या गल्लीत नव्हता. एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या भिंतीपुढे माईक घेऊन उभा राहिला की आधी त्याची आरोळी, "होऽऽय, लेकरांनो!", आणि मग तासभर गाणी, टोमणे, थट्टा. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्याचं तोंड वाकडं केलं. तेव्हापासून बायको युलाली त्याला घास भरवते आणि तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

यंदा ओरेटने नवा ठेका बांधला. आमच्याकडे ठेका एकच असतो, त्यावर दहा-बारा जण आपापलं गाणं गातात आणि सगळ्यांची मिळून एक तबकडी निघते. ओरेटचा स्टुडिओ माझ्या मासे तळायच्या टपरीला चिकटून. एका सकाळी लिनव्हल दाढी करून, हॅट घालून तिथल्या बाकावर येऊन बसला. त्यालाही गायचं होतं.

"मर्वा, ओरेटला सांग," युलाली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नाही म्हणायचं तर म्हण बाबा. पण कुणी हसलं ना, तर एकेकाचं थोबाड फोडीन."

कुणी हसलं नाही. ओरेटने रेकॉर्डिंग लावलं, ठेका सुरू झाला, आरोळी खणखणीत निघाली आणि पुढे शब्दांचा नुसता चिखल. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्याने हॅट उचलली, घरी गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मला फार वाईट वाटलं.

रविवारी संध्याकाळी तबकडी गल्लीत वाजली. लिनव्हल दार लावून आत. एकेकाची गाणी झाली. शेवटी नेहमी कोरा ठेका असतो, गाण्याशिवाय. तेव्हा लोक खायला वळतात, माझा खरा धंदा तेव्हाच. मी कढईत मासे सोडले आणि स्पीकरमधून आलं, "होऽऽय, लेकरांनो!" मागून ठेका, आणि त्यात ती आरोळी घुमत घुमत लांब गेली. ओरेट मेल्याने कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं!

गाणं आवडलं की आम्ही पत्र्याचं कुंपण बडवतो. मग तबकडी वाजवणाऱ्याला ते पहिल्यापासून लावावंच लागतं. युलालीने माझ्या भाताच्या पातेल्याचं झाकण ओढलं आणि जी बडवायला लागली! तिच्यामागे सगळी गल्ली. मासे करपले. करपू देत.

दार उघडलं. लिनव्हल नुसत्या बनियनवर, एका पायात चप्पल. वाजवणाऱ्याने सुई तबकडीवर धरली, पण टेकवली नाही.

"काका, आरोळी तुम्ही ठोका. मग ठेका सोडतो."

लिनव्हलने आधी युलालीकडे पाहिलं. चांगलं डोळे भरून पाहिलं. मग मान वर केली आणि आरोळी ठोकली. युलालीच्या हातातलं झाकण खाली पडलं.