कापलेली आठ पानं

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांचा. माझे वडील हातभट्टीच्या दारूने गेले तेव्हा मी आठवीत होतो. सरांनी मला आपल्या घरी नेलं, बारावीपर्यंत सांभाळलं आणि पुण्याच्या कॉलेजात घातलं. "इंग्रजी आता सगळेच शिकतात बाबू, आणखी एक भाषा धर," असं म्हणून फ्रेंचच्या वर्गाचा फॉर्मही त्यांनीच भरायला लावला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी विहारात पंचशील झाल्यावर ते म्हणाले, "पाचवं शील नीट लक्षात ठेव. दारू प्यायची नाही, आणि दारूच्या पैशावर जगायचंही नाही." मी हो म्हणालो.

त्यातला पहिला भाग मी पाळला.

कार्डिफला एम.ए. केलं आणि दोन हजार सालानंतर केंब्रिजमध्ये नोकरी लागली, ती फ्रेंचमुळेच. आमची लहानशी कंपनी प्रवाशांसाठी पुस्तकं काढायची. माझ्या वाट्याला फ्रान्समधला वाइनचा मुलूख आला, बर्गंडी. तिथे कुठे राहावं, कुठे जेवावं हे मी फोनवरून विचारून लिहायचो. खोल्या किती, बाथरूम खोलीतच आहे का, सोमवारी स्वयंपाकघर चालू असतं का, मांस न खाणाऱ्याला काय देता. शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर ऑम्लेट असं असायचं.

एकदा चार दिवस जाऊनही आलो. एका खेड्यात शेतकरी बाईंच्या घरी माडीवर राहिलो. रात्री सगळे पाहुणे एकाच लांब टेबलावर जेवत. बाईंनी माझा पेला भरला, मी तो बाजूला सरकवला. दुसऱ्या रात्री माझ्या ताटाशी पाण्याचा जग ठेवलेला होता. त्या घराबद्दल मी मनापासून लिहिलं.

पण पुस्तकात तिसरा भागही होता. कोणत्या तळघरात वाइन चाखायला मिळते, कोणती विकत घ्यावी, पेटी इंग्लंडला घरपोच येते का. तेही मीच विचारायचो, मीच लिहायचो. सरांना मी दर रविवारी सकाळी फोन करत असे. हॉटेलांची माहिती गोळा करतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

केंब्रिजला मिल रोडवरच्या घरात माझ्याबरोबर पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला राहायचा.

"सांगून टाक ना सरांना," तो म्हणायचा. "वाइन आहे रे, हातभट्टी थोडीच आहे?"

"हा फरक माझ्या बापाला विचारायला हवा होता."

"सीरियसली, तू तर पीतही नाहीस. तुझं पाप काय, टायपिंग?"

मी हसायचो आणि भांडी धुवायला घ्यायचो.

पुस्तक छापून आलं. सर फोनवर म्हणाले, "पाठव इकडे. शाळेच्या वाचनालयात ठेवतो. पोरांना दिसू दे, आपल्यातल्या एकाचं नाव इंग्लंडच्या पुस्तकात आलं."

नाव दोनदा आलं होतं. एकदा पहिल्या पानावर मदतनीस म्हणून आणि एकदा तळघरांच्या भागावर: निवड आणि माहिती, पुढे माझं नाव. बाकी पुस्तकात वाइनचा उल्लेख येतोच, पण त्या मुलखातले लोक पितात यात माझा दोष नाही, असं सर समजून घेतील असं मला वाटलं. दुसरं नाव मात्र त्यांना दिसायला नको होतं. मी ब्लेड घेतलं आणि पृष्ठ एकेचाळीस ते छप्पन्न शिवणीजवळून कापून काढली. आठ पानं. मग पुस्तक पोस्टात टाकलं.

महिनाभराने आमच्या मॅनेजरबाई एक पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. अक्षर मी लांबूनच ओळखलं. पुस्तकावर छापलेल्या पत्त्यावर सरांनी त्यांच्या काळजीपूर्वक इंग्रजीत लिहिलं होतं: बांधणीत सोळा पृष्ठं राहून गेली आहेत, ती मिळाल्यास शाळा आभारी राहील. खाली आणखी एक ओळ होती. यात माझ्या विद्यार्थ्याची काही चूक नसावी, कृपया त्याला बोल लावू नये.

"किती सुंदर पत्र आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तुला आनंद होईल, नवी प्रत मी सोमवारीच पाठवली."

दोन आठवड्यांनी फोनवर काकू आल्या, सरांच्या पत्नी. "विहारात गेलेत रे." पुढच्या रविवारी, "पडलेत जरा." तिसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, "ते पुस्तक आलं बाबू. शाळेत नाही दिलं त्यांनी. कपाटात ठेवलं."

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. त्याची कच्ची प्रत माझ्याजवळ आहे.

आदरणीय सर,

जयभीम. ती पानं छापखान्यात राहिली नव्हती. मी ब्लेडने कापली. ती का कापली, हे नव्या प्रतीत तुम्ही वाचलंच आहे.

मी आजवर एक थेंबही घेतलेला नाही. पण तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि दुसरी मी मोडली. दीड वर्ष तुमच्याशी दर रविवारी बोललो आणि एकदाही सांगितलं नाही. तुम्ही मात्र अनोळखी माणसांना लिहून माझी बाजू घेतलीत. ते पत्र मी वाचलं, तेव्हापासून मान वर करवत नाही.

नोकरी सोडतो, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी अजून सोडलेली नाही. सोडली तर व्हिसाही जाईल, आणि तेवढं धैर्य माझ्यात आज नाही. तुम्हाला आणखी एक खोटं लिहायचं नाही, म्हणून हे लिहितो.

कापलेली पानं सोबत पाठवतो. मला ती फाडून टाकता आली नाहीत.

रविवारी सकाळी फोन करीन. तुम्ही आला नाहीत तर काकूंना तुमची तब्येत विचारीन आणि पुढच्या रविवारी पुन्हा करीन.

तुमच्या घरी वाढलेला,
तुमचा विद्यार्थी