झाकणावरचा आकडा

अर्लीन स्ट्रिबलिंगने अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या इंजिन कारखान्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली सहा वर्षं इंजिनांवर नंबर ठोकण्यात आणि एअर फिल्टरच्या झाकणावर हॉर्सपॉवरची पट्टी चिकटवण्यात गेली. तेव्हापासून छापील आकडा दिसला की तिच्या कपाळावर आठी चढते.

ऑगस्टच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात चेस्टर नोविकीने तिला हाताला धरून नेलं. पट्ट्यांचं काम सुटल्यावर कारखान्याच्या लाइनवर वीस वर्षं तिच्या शेजारी उभा राहिलेला माणूस. १९७० सालची लाल गाडी घ्यायची म्हणून त्याने मासेमारीची बोटसुद्धा विकली होती.

"तू फक्त हो म्हण, अर्लीन."

"बघू तरी दे. बोहल्यावर चढल्यासारखा नटून काय आलायस?"

विकणारा हॉलिस ओहायोचा. दात पांढरे, बूट त्याहून पांढरे. त्याने बॉनेट उघडलं. "मॅडम, मोठं इंजिन, जन्मापासून याच गाडीत. कारखान्यातली पट्टी पण जशीच्या तशी."

पट्टीवर लिहिलं होतं, ४१०.

अर्लीनने चष्मा पुसला.

"आकडा खोटा आहे का?" चेस्टरने हळूच विचारलं.

"नाही रे. खरा आहे. तीच तर पंचाईत आहे."

ते मोठं इंजिन चारशेदहाचाच जोर काढायचं, हे तेव्हा कारखान्यात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. पण मोठा आकडा दिसला की विमेवाले पोरांचे हप्ते दुप्पट करायचे, म्हणून कंपनीने कागदावर कायम ३३५ छापलं. कंपनी खोटं छापते तेव्हा त्याला धोरण म्हणतात. हॉलिस पडला भाबडा, त्याने खरं छापलं.

"मी हजारो पट्ट्या लावल्यात, साहेब. चारशेदहाची एकही नव्हती."

हॉलिस हसला. "पट्टी बदलली असेल कुणीतरी. इंजिन बघा ना."

तिने इंजिनावर नंबर ठोकलेल्या सपाट जागेवरून नख फिरवलं. कारखान्यात यंत्राने धातू कापताना तिथे केसाएवढ्या बारीक रेघा उठायच्या, नंबर त्या रेघांवर बसायचा. इथे ताटासारखं गुळगुळीत. कुणीतरी जुना नंबर घासून नवा ठोकला होता. साध्या इंजिनाला थोरल्याचं नाव दिलं होतं.

"हे दुसऱ्याचं बाळ आहे, चेस्टर."

हॉलिसने बॉनेट आपटलं. "म्हातारपणी नखं नीट लागत नाहीत मॅडम."

"लागतात. गालावर लावून दाखवू?"

चेस्टर गाडीकडे बघत राहिला. मग आधीच घेऊन ठेवलेली किल्ली हॉलिसच्या हातात परत ठेवली आणि अर्लीनच्या शेजारी न चालता चार पावलं पुढे चालू लागला. फाटकाशी थांबून म्हणाला, "मला कळलं नसतं तरी चाललं असतं गं. चालवायचीच तर होती."

"मला नसतं चाललं. शेजारी बसून मी काय खोटं हसले असते?"

त्याने तिच्यासाठी आपल्या रोजच्या गाडीचं दार उघडून धरलं.