डब्याला बांधलेली घंटी

माझ्या वडिलांनी मारलेली गाठ त्यांच्या उभ्या आयुष्यात एकदाही सुटली नाही. एवढं साधं वाक्य लिहायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली. आमच्या गावातली जुनी माणसं आजही सांगतात, की दादांची एक गाठ सुटली होती आणि त्यानंतर दादा पहिल्यासारखे राहिले नाहीत. हा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर उगाच कुणाला तरी हाक मारायचो. आता पटकन उठायला गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. मग म्हटलं, ऐकतोच आहोत तर खरं काय ते लिहूनच टाकावं.

देवळाली प्रवरेच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आमचा ऊस होता. पण दादांना कुणी ऊसवाला म्हणून ओळखत नसे. ते बांधणारे म्हणून ओळखले जात. सुटी वस्तू त्यांना बघवत नसे. आमच्या घरात किटलीचं झाकण किटलीच्या कानाला बांधलेलं, कुलपाची किल्ली कडीला बांधलेली, झाडू खुंटीला, आणि दादांचा चष्मा दादांना. गाठ मारण्याआधी ते सुतळीचं टोक जिभेवर ओलं करत, डोळे बारीक करून तिच्याकडे बघत आणि मारून झाली की तिच्यावर दोनदा थाप देऊन म्हणत, "ऱ्हा आता सुखानं." सासरी निघालेल्या लेकीशी बोलावं तसं. "म्या सोडल्याबगर माझी गाठ सुटायची न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई वैतागून म्हणायची, "एक दिस मलाबी खुटीला बांधशाल तुमी!" त्यावर दादा शांतपणे म्हणत, "तुला कशाला बांधू? तू कुठं जातीस सोडून?" आई पदर तोंडाला लावून चुलीकडे वळायची. ती हसायची की चिडायची, हे मला कधी कळलं नाही.

त्यांच्या या कलेचा गावाला जेवढा उपयोग होता तेवढाच ताप होता. शेजारच्या लग्नात त्यांनी मांडव बांधला. लग्न झालं, वऱ्हाड गेलं, नवरी नांदायला गेली, पण मांडव काही सुटेना. दादा तेव्हा ऊस घेऊन कारखान्यावर मुक्कामाला. शेवटी घरमालकानं त्याच मांडवात म्हशी बांधल्या. भंडारदऱ्याकडे दिलेल्या आत्याचे यजमान एकदा आमच्याकडे आले होते. निघताना दादांनी मोठ्या मायेनं त्यांची पिशवी बांधून दिली, "परवासात सुटाया नको." चारच दिवसांनी ते पिशवी तशीच काखोटीला मारून परत हजर. "दादा, आधी हे सोडा, मग चहाचं बघू. माझी कापडं आत हायेत वो!" दादांनी एका नखानं गाठ मोकळी केली आणि अंगावरच्या मळक्या सदऱ्यानिशी उभ्या पाव्हण्याला म्हणाले, "कापायची न्हाई का मग?" ते म्हणाले, "तुमची गाठ? कापायला हात धजंना." यात सगळं आलं. उसाच्या गाड्या कारखान्याला निघायच्या तेव्हा वरून जाड दोर आवळायला दादाच लागत. गावात कुणी गेलं तर तिरडी बांधायलाही दादाच. त्या वेळी मात्र ते काही बोलत नसत. थाप तेवढी देत, हलक्या हातानं.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला मी नगरला कॉलेजात गेलो. तेव्हा आमच्यासारख्या पोरांचे जेवणाचे डबे गावाहून एस.टी.नं येत. पहिल्या गाडीला आईबाप डबा देत, कंडक्टर तो नगरच्या स्टँडवर उतरवी आणि आम्ही पोरं त्या ढिगातून आपापला डबा शोधत असू. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. पहिल्याच महिन्यात माझा डबा दुसऱ्या कुणीतरी नेला आणि मी उपाशी राहिलो. एवढं कळायचा अवकाश, दादांनी म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी सोडली आणि माझ्या डब्याच्या कडीला बांधली. "आता ढिगात शोधायचं न्हाई. हालला की वाजंल. दुसऱ्यानं उचलला तरी वाजंल."

वाजत होताच तो. राहुरीपासून नगरपर्यंत प्रत्येक खड्ड्याला वाजत होता. गाडी स्टँडवर शिरायच्या आधी घंटी ऐकू येई आणि आमची पोरं ओरडत, "आला रे बैलाचा डबा!" थोड्याच दिवसांत डब्याचा बैल मागे पडला आणि मीच बैल झालो. वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून "टण् टण्". मुलींच्या रांगेतही कुणीतरी वहीनं तोंड झाकून हसे. वय अठरा-एकोणीस. त्या वयात भूक परवडते, हसू परवडत नाही.

एका दुपारी खोलीवर बसून मी ती गाठ सोडायला घेतली. नखं लावली, दात लावले, कंपासपेटीतलं कर्कटक खुपसलं. गाठ हलेना. माझा खोलीतला सोबती हे सगळं पडल्या पडल्या बघत होता. तो म्हणाला, "बैलोबा, तुझ्या बापानं गाठ मारलीय का शिक्षा दिलीय?" मग त्याच्याच दाढीच्या पात्यानं मी सुतळी कापली. घंटी मोज्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाला टाकली. संध्याकाळी डबा मुकाट्यानं गावी गेला.

शनिवारी मी घरी गेलो तेव्हा दादा एस.टी.च्या थांब्यावरच उभे. मधल्या दिवसांत त्यांनी कंडक्टरला गाडीतल्या सगळ्या बाकड्यांखाली वाकून घंटी शोधायला लावली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझी पिशवीसुद्धा हातात घेतली नाही. सरळ विचारलं, "बापू, खरं सांग. कुनी कापली का सुटली?"

उत्तर त्यांनीच माझ्या हातात ठेवलं होतं. "कुणीतरी कापली असेल," एवढी अर्धी लबाडीसुद्धा पुरली असती. पण मी मनात हिशेब केला. कापली म्हणालो तर हा माणूस कोणी कापली ते शोधायला नगरला येणार, पोरांसमोर उभा राहणार आणि नवी घंटी तारेनं बांधणार. सुटली म्हटलं की विषय संपला.

"सुटली," मी म्हणालो. "गाठच सुटली असंल दादा."

"माझी?"

"व्हय."

ते काही वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चल. तुझ्या आईनं पुरणाचं केलंय."

आई तर खुश झाली. "सुटली एकदाची! आता कळंल, तुमीबी मानूसच हाय ते." दादाही हसले. पण त्या हंगामात शेजारचा गाडीवान हाक मारायला आला, "दादा, चला, दोर आवळायचाय," तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्याला बघ रं. माझ्या हाताचा आता काय भरवसा न्हाई. वाटंत ऊस सांडला तर तुला तोंड कसं दावू?" त्याला वाटलं, दादा चेष्टा करतात. तो हसत उभा राहिला, मग हळूहळू हसायचा थांबला. त्यानंतर दादांनी मांडव बांधला नाही, दोर आवळला नाही, कुणाच्या तिरडीला हात लावला नाही. घरातल्या दोऱ्या एकेक करून निघाल्या. किटलीचं झाकण चहा ओतताना कपात पडू लागलं. मग आईनंच एक दिवस ते बांधलं, मुद्दाम वेडंवाकडं, आणि किटली दादांसमोर आपटली. "बघा की जरा, कसं झालंय." दादा म्हणाले, "लई झ्याक झालंय." आई आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. मी शिकायला होतो तोवर माझा डबा मात्र येत राहिला, फडक्यात बांधलेला. फडक्याला दादांच्या एकावर एक गाठी. आणि दर शनिवारी दादा विचारत, "या हप्त्यात काय सुटलं न्हाई ना रं?"

खरं सांगायला मला कितीतरी शनिवार होते. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आई गेली. प्रत्येक वेळी वाटे, आता एवढ्या जुन्या गोष्टीचं काय. दादा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा मी घंटीच्या पोटात कापूस कोंबून ती खिशात घालून गावी गेलो. दादांची बोटं गोधडीच्या सुटलेल्या दोऱ्याशी चाळा करत होती. टोक जिभेपर्यंत नेत होती आणि तिथंच थबकत होती. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "बापू, त्या डब्याला म्या कोनची गाठ मारली हुती रं? मला ती उमगंनाच बघ. कुठं चुकलो?"

माझा हात खिशात होता. मूठ घंटीवर होती. मी म्हणालो, "पडा दादा. बोलू नका." तेवढ्यात गावातली दोन माणसं बघायला आली, माझ्या बायकोनं चहा आणला, आणि ती वेळ गेली. ती परत आली नाही.

त्यांची तिरडी गावच्या पोरांनी बांधली. कालव्याच्या पुलावर तिचा एक पीळ सैल झाला आणि सगळ्यांना थांबावं लागलं. कुणीतरी दबल्या आवाजात म्हणालं, "दादांचाच हात पायजे हुता." सगळे माझ्याकडे बघू लागले. मुलगा मी. मी खाली बसलो, सुतळी हातात घेतली, टोक जिभेवर ओलं केलं आणि मला काही येईना. त्यांनी सगळ्या गावाचं बांधलं आणि मी त्यांच्यापाशी कधी एक गाठ शिकून घेतली नव्हती. शेवटी शेजारच्या त्या गाडीवानानं मला बाजूला केलं आणि पीळ आवळला.

घंटी आता माझ्या टेबलावर आहे. तिच्या कडीशी कापलेल्या सुतळीचे दोन तुकडे लोंबतात आणि त्यांच्या मधे ती गाठ आहे. काळी पडली आहे, दगडासारखी झाली आहे. काल रात्री मी पुन्हा तिला नखं लावून बघितली. हलली नाही.

दादा, तुम्ही कुठंच चुकला नव्हता. गाठ सुटली नव्हती. मी कापली.