पाच वाजता न उठणारा शेजारी

शैलेंद्र वर्तकने पहिल्या भेटीत माझा हात धरला तो सोमवारी; सोडला तेव्हा बहुधा गुरुवार उजाडला होता. तेवढ्यात त्याने माझ्या घराची पाहणी केली, जिन्याला शिडी ठरवलं, फ्रिजला औषधांची पेटी म्हटलं आणि अख्खं नेदरलँड्स निकालात काढलं.

"उल्हास, आमच्या ओहायोत एवढ्या जागेत आम्ही गवत कापायचं मशीन ठेवायचो."

मला हा माणूस जागच्या जागी नावडला आणि पुढचं वर्षभर मी या मतावर ठाम राहिलो.

आइंडहोवनमध्ये तो माझा शेजारी झाला हे कमी होतं म्हणून की काय, चिपच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कंपनीत माझ्या समोरच्याच टेबलावर आला. करार एका वर्षाचा. वर्षअखेरीस कायम झाला नाही, तर त्याचं इथे राहायचं परमिट जाणार आणि त्याच परमिटवर आलेल्या त्याच्या बायकोची, लतिकाची, वाखनिंगनच्या प्रयोगशाळेतली नवी नोकरीही जाणार.

शनिवारी चार मराठी घरं जमली की शैलेंद्र आम्हाला अमेरिका समजावून सांगायचा. तिकडे दूध आणायलाही गाडी काढतात. तिकडे नवा शेजारी केक घेऊन येतो आणि पुन्हा जन्मात दिसत नाही. तिकडे पोराच्या मॅचला बाप मैदानाच्या कडेला लॅपटॉप उघडून बसतो. पोरगा गोल करतो, बाप मेल पाठवतो, दोघंही खूश. रजा वर्षाला दहा दिवस, आणि तीही न घेणारा खरा मर्द.

"आणि लतिकाने अकरा वर्षं घर काय ठेवलं होतं! आरसा नुसता."

"तिकडच्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती," लतिका म्हणाली आणि त्याच्या पुढ्यातली पोह्यांची बशी उचलून माझ्यापुढे ठेवली. त्याचे पोहे अर्धे उरले होते.

आमच्या ऑफिसात बारा वाजता सगळे चीज-ब्रेड खाऊन कालव्याकाठी चक्कर मारतात आणि पाचला उठतात. जो बसून राहतो त्याला काम झेपत नाही, असं इथे सरळ समजतात. शैलेंद्र साडेसातपर्यंत बसायचा. सफाईवाल्या बाई त्याच्यावरूनही फडकं फिरवतील अशी मला आशा होती. आमचा साहेब बार्ट दर बुधवारी घरी राहून लेकीला पोहायला नेतो. इथे त्याला 'पापाडाख' म्हणतात, म्हणजे बापाचा वार, आणि तो सणासारखा पाळतात. शैलेंद्रने सलग तीन बुधवारी तलावावर फोन करून त्याला कळवलं, की आपण अजून ऑफिसातच आहोत.

मी एकदाच बोललो. "शैलेंद्र, पाचला ऊठ. इथे याला मेहनत म्हणत नाहीत."

"बारा वर्षांत तू साधा टीम लीड झाला नाहीस, उल्हास. तू मला शिकवणार?"

त्यानंतर रोज पाचला मी त्याच्या टेबलावरून मुद्दाम शीळ घालत सायकलकडे जाऊ लागलो. पुढे बार्टने मला बाजूला घेऊन विचारलं, शैलेंद्रचं सगळं ठीक आहे ना? तो अमेरिकेतून आलाय, तिथली रीतच तशी आहे, एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी खांदे उडवले.

कराराचा निकाल लागायचा त्या दिवशी शैलेंद्र कोट घालून आला. एकही रजा घेतली नाही, शनिवारीही मेल पाहिले, जेवण टेबलावरच उरकलं, अशी यादी त्याने बार्टसमोर अभिमानाने वाचली. अर्ध्या तासाने तो परत आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"तो म्हणाला, मला हीच भीती होती. हे काम तुला झेपत नाहीये." मग कोटाची बटणं काढत त्याने विचारलं, "तू त्याला काही बोलला होतास का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

लतिकाच्या प्रयोगशाळेने तिच्या नावावर परमिट काढून दिलं आणि मार्चमध्ये ती दोघं वाखनिंगनला राहायला गेली. शैलेंद्रला अजून नोकरी मिळालेली नाही. त्यांच्या घरात आता एक जर्मन जोडपं राहतं.