एकेचाळीस नंबरचा उजवा पाय

‘पुरेशी मेमरी नाही. इतर प्रोग्राम बंद करून पुन्हा प्रयत्न करा,’ असं कॉम्प्युटरने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ताई “बरं बाबा” म्हणाल्या आणि बंद करण्यासारखं होतं ते बंद केलं. तिसऱ्यांदा तेच आलं तेव्हा म्हणाल्या, “अरे, बंद करायला आता तूच उरलास!” सातव्यांदा काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोरच्या बाकावर टेलरबाई बसल्या होत्या, म्हणून आवाज तेवढा खाली ठेवला.

“नसेल मिळत तर राहू द्या, ताई,” टेलरबाई म्हणाल्या. “साच्यातला पाय लावतील.”

“राहू द्या काय राहू द्या! गप बसा हो तुम्ही.”

दुकान जोड्यांचं, पण काचेतला जोडा दाखवून विकायचं नव्हे. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचं पाऊल आत वळलेलं, ज्यांच्या टाचेला जखम, त्यांच्या पायाबरहुकूम जोडे शिवायचे, हा वडिलांनी सुरू केलेला धंदा. वडील गेल्यावर शिवायचं काम धाकट्या भावाकडे आलं आणि माप घ्यायचं ताईंकडे. एकतीस वर्षं त्या बुटक्या स्टुलावर बसून लोकांची पावलं कागदावर आखत आल्या. माणसाचं नाव विसरतील, पाय विसरायच्या नाहीत. लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. पडल्या असत्या तर नवऱ्यालाही “हलू नका” म्हटलं असतं. कारण गिऱ्हाइकाला त्यांचं पहिलं वाक्य तेच. “हलू नका! पेन्सिल घसरली तर जोडा चावेल, मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही.” कलेक्टर असो नाहीतर हमाल, सगळे मुकाट्याने पाय धरून बसायचे.

वडिलांची एक शिस्त होती. वहीतलं माप कधी खोडायचं नाही. माप बदललं तर जुन्यावर कोऱ्या कागदाची चिठ्ठी डकवायची, फक्त वरच्या कडेने, आणि नवं तिच्यावर लिहायचं. “खोडलेलं वाचता येत नाही, झाकलेलं उचलून बघता येतं,” म्हणायचे. ताईंनी ही शिस्त इतकी अंगी बाणवली होती की वाण्याच्या यादीतसुद्धा त्या काही खोडत नसत.

मग चौदा वर्षांपूर्वी भावाने कॉम्प्युटर आणला. ताईंनी आधी नाक मुरडलं आणि नंतर महिनाभरात त्याच्यावर कब्जा केला. एका मोठ्या फाइलमध्ये प्रत्येक माणसाचं एक पान: वर नाव-नंबर, मध्ये मापांचे रकाने, खाली स्कॅन करून घातलेली दोन पावलं. नवा माणूस आला की शेवटच्या पानाची कॉपी करायची, नाव बदलायचं, माप बदलायचं, नवी पावलं बसवायची. असे तीनशे बारा लोक झाले होते. कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःच्या डोक्याने केलं, याचा ताईंना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

टेलरबाई त्यांतल्या एकेचाळीसाव्या. डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं, उजवं धडधाकट. तेरा वर्षं इथलेच जोडे घालून त्यांनी शिवणयंत्र चालवलं. नऊ महिन्यांपूर्वी रस्ता ओलांडताना ट्रकचं चाक गेलं ते नेमकं उजव्यावरून. देवाला तरी काय म्हणावं! दवाखान्यात जोडा कापून काढला आणि नंतर पायही. आता कृत्रिम पाय बसवणारे कारागीर गावात आले होते, आजचा शेवटचा दिवस, पाचपर्यंत बसणार आणि पुन्हा येणार सहा महिन्यांनी. दुसऱ्या कुणाचं असतं तर उरलेल्या पायावरून उलटं माप काढलं असतं. टेलरबाईंचा उरलेला पाय वाकडा. कारागीर म्हणाले होते, “उजव्याचं जुनं माप कुठे मिळालं तर पाय तुमच्यासारखा करतो, नाहीतर साच्यातला आहेच.” साच्यातला सगळ्यात लहान पायही टेलरबाईंच्या चिमुकल्या पावलाला दोन बोटं मोठा होता. त्याने शिवणयंत्राची पायपट्टी मारायची म्हणजे कसरतच.

कागदावरचे आराखडे आणि वडिलांच्या वह्या नव्हत्या. “आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे ना, मग हा पसारा कशाला?” असं म्हणून भावाने तीन वर्षांपूर्वीच ते रद्दीत घातले होते. तेव्हा ताई आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. आज वाटलं, आठ वर्षं बोलायला नको होतं.

अकरा वाजता कॉम्प्युटरवाला आला. त्याने आधी भावाची सगळी गाणी उडवली. फाइल उघडली नाही. मग म्हणाला, “रॅम वाढवावी लागेल.” पिशवीतून काढून वाढवली. पुन्हा तीच चौकट, तेच वाक्य.

“मेमरी वाढली, अक्कल तेवढीच राहिली,” ताई म्हणाल्या. नेमकं कुणाला, ते कळलं नाही.

“ताई, फाइलमध्ये भरलंय काय एवढं?”

“पाय.”

“नुसते पाय?”

“मग काय हत्ती भरलेत?”

त्याने डोकं खाजवलं. “तुमचा प्रोग्रामच जुन्या जातीचा आहे. कितीही रॅम घाला, तो ठरावीकच वापरतो.”

“आणि हे रॅम घालायच्या आधी सांगितलं असतंस तर तुझी जीभ झिजली असती?”

कॉम्प्युटरवाल्याला तेवढ्यात दुसरीकडून फोन आला, किंवा आल्यासारखा त्याने कानाला लावला, आणि तो गेला. तीन वाजायला आले होते. ताईंनी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, भावाला बखोटीला धरलं आणि दोन दुकानं पलीकडे प्रेसमध्ये गेल्या. प्रेस चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत; त्या भिंतीएवढी पोस्टरं करायच्या. त्यांचं मशीन दांडगं, प्रोग्राम नवा.

फाइल उघडायला अठरा मिनिटं लागली. उघडली! ताईंनी खाली पानांच्या पट्टीवर पहिलं पान गाठलं. पहिलं पान एकशेएकविसावं होतं.

“आधीची कुठे गेली?”

भाऊ प्रेसच्या छताकडे बघायला लागला.

“मी काय विचारतेय?”

“गेल्या महिन्यात फाइल सारखी अडकत होती ना... म्हणून जुनी जरा काढली.”

“जरा?”

“एकशेवीस.”

“आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी होती ती?”

“तिच्यावरच सेव्ह केलं. सारखं असावं म्हणून.” मग त्याने वर शहाणपण केलं. “पण खरं सांगतो, एवढी काढूनही हलकी झालीच नाही ती.”

ताईंना हसावं की रडावं कळेना. शेवटी त्या रडायच्या बेतात आल्या, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. बाकावर ती बाई सकाळपासून कुबड्या मांडीवर घेऊन बसलीय. तिला जाऊन काय सांगायचं? तुझा पाय ट्रकने एकदा नेला आणि माझ्या भावाने दुसऱ्यांदा?

“थांबा हो ताई,” वहिनी म्हणाल्या. “एकशेवीस पानं जाऊन वजन घटलं नाही, म्हणजे वजन पानांचं नाहीच. दुसरंच काहीतरी आहे.” त्यांनी एकशेएकविसाव्या पानावरच्या पावलावर टिचकी मारली आणि ते बाजूला ओढलं. खाली पांढरा चौकोन निघाला. “हे काय?”

“ती चिठ्ठी.”

“कसली चिठ्ठी?”

“आधीचा पाय झाकायची. पानाची कॉपी केली की आधीच्या माणसाचा पाय तसाच येतो. मग त्याच्यावर चिठ्ठी लावायची, नवा पाय वर.”

वहिनींनी चौकोन ओढला. खाली पाऊल. ते ओढलं, खाली चौकोन. तो ओढला, खाली आणखी एक पाऊल. वहिनी ताईंकडे वळल्या.

“ताई, तुम्ही चौदा वर्षं पाय पुसलेच नाहीत?”

“पुसायचे कशाला? बाबांनी कधी पुसलं नाही!”

“अहो, म्हणजे दर पानावर त्याच्या आधीचे सगळेच्या सगळे पाय आहेत. शेवटच्या पानावर तीनशे बारा माणसं एकमेकांच्या डोक्यावर उभी आहेत. त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला मेमरी पुरायची कुठून?”

ताईंचे कान गरम झाले. एवढी वर्षं त्यांनी भावाच्या गाण्यांना शिव्या घातल्या होत्या. कॉम्प्युटरवाल्याची तर सकाळीच हजामत केली होती. भावाच्या चेहऱ्यावर हसू फुटू लागलं होतं. ताईंनी एकदाच पाहिलं, ते विझलं.

आणि मग त्या ताडकन उठल्या. “आधीचे सगळे?”

“सगळे.”

“मग एकेचाळीसही! वहिनी, उकरा!”

वहिनी ओढू लागल्या. ताई दर आराखड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर घालत, तो वाचायचा आणि पुढे. एकशे पंधरा. एकशे दोन. चौऱ्याण्णव. सत्त्याहत्तरला मशीन अडलं आणि पडद्यावर ती मेली चौकट आली: पुरेशी मेमरी नाही.

“हिचा मुडदा बशिवला!” ताई ओरडल्या. प्रेसमधलं छपाईयंत्रही क्षणभर थांबल्यासारखं वाटलं.

वहिनी शांत होत्या. त्यांनी सगळं बंद केलं, फाइल पुन्हा उघडली, पुन्हा अठरा मिनिटं गेली. या वेळी एकशेएकविसावं पान तेवढं उचलून कोऱ्या फाइलमध्ये ठेवलं आणि मोठी फाइल मिटून टाकली. आता पावलं झरझर निघायला लागली. बेचाळीस. चौकोन. आणि खाली एकेचाळीस: डावा वाकडा, उजवा सरळ.

छापताना ताईंनी वहिनींना तीनदा बजावलं, “आहे त्याच आकारात हं.” प्रत्येक कागदावर त्या दहा सेंटिमीटरची एक रेघ मारून ठेवत, तीही वडिलांचीच सवय. छापलेल्या रेघेवर त्यांनी पट्टी ठेवली. बरोब्बर दहा. घड्याळात साडेचार झाले होते.

दुकानात टेलरबाई त्याच बाकावर तशाच बसल्या होत्या. ताईंनी धापा टाकत कागद त्यांच्या हातात दिला. “घ्या. आणि आता रिक्षा करा, उशीर केलात तर माझ्याशी गाठ आहे.”

टेलरबाई उठल्या नाहीत. त्यांनी कागद मांडीवर पसरला आणि टाचेपासून बोट फिरवत नेलं, रेघेरेघेने, करंगळीपर्यंत. करंगळीजवळ रेघ बाहेर उडाली होती आणि पुन्हा जागेवर आली होती.

“इथे मला गुदगुल्या झाल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही केवढ्या ओरडला होता.”

ताईंना आठवलं. खूप ओरडल्या होत्या. त्या आपल्या बुटक्या स्टुलावर टेलरबाईंच्या समोर बसल्या आणि पदराने डोळे पुसले.

भाऊ रिक्षा घेऊन आला होता. टेलरबाईंनी कागदाची घडी घातली नाही, गुंडाळी केली. कुबड्या बगलेत घेताना म्हणाल्या, “ताई, याची अजून एक काढून ठेवाल? घरी ठेवायला.”

“काढते,” ताई म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. “आणि तू त्या फाइलला हात तर लाव.”