परत फिरायची वेळ

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून माझ्या नवऱ्याने, अरविंदने, त्याच्या कोपऱ्यावर लोणच्याची बरणी ठेवली आहे. एप्रिलमध्ये तो आणि त्याचा मित्र सुधीर हिमाचलातल्या एका हिमनदीवर स्कीइंगला जाणार आहेत; आधी स्की लावून शिखर चढायचं, मग घसरत उतरायचं. चढ मध्यम आहे, पन्नाशीला झेपेल असा. मी शेजारी मटार सोलत बसलेय.

"अकराला परत फिरायचं," अरविंद सांगतो. "शिखर दहा पावलांवर असलं तरी. ऊन चढलं की भेगांवरचा बर्फ खचतो. तिथे हट्ट चालत नाही."

समोर बसलेला सुधीर मान डोलावतो. अरविंदचा इतका समजूतदार आवाज मला फक्त नकाशा पसरल्यावर ऐकू येतो. आमच्या मुलाशी, तन्मयशी त्याची जुंपली, तेव्हा "आता पुरे" असं मी दोनदा म्हणाले होते. पोराचा चेहरा उतरत चाललेला दिसत होता. पण याची दोन वाक्यं बोलायची राहिली होती, ती बोलूनच हा थांबला. तन्मय घर सोडून गेला तो गेलाच. डोंगराशी माणसं जपून वागतात, कारण डोंगर जीव घेतो. घरातलं माणूस नुसतं निघून जातं.

हिमनदीवर सगळे स्वतःला एका दोरीला बांधून घेऊन चालतात. यंदा तिसरा म्हणून सुधीरचा जावई येतोय.

"तन्मयचा दोरी अडकवायचा पट्टा माळ्यावर असेल ना गं?" अरविंद विचारतो. "जावयाला होईल."

मी नकाशावरची माझी बरणी उचलून घेते.